भिंगरीचा खोकला

नवजात बाळांच्या वॉर्डात तिला सगळे भिंगरी म्हणत, आणि तिच्या खऱ्या नावापेक्षा तेच तिला जास्त शोभायचं. एका जागी ती ठरायचीच नाही. या पेटीतल्या बाळाची नळी नीट करून होते न होते तोच त्या पेटीतल्याचा लंगोट बदलायला, आणि तिथून थेट दाराशी, कुणाची आई हात न धुता आत शिरत नाही ना ते बघायला. दिवस भरायच्या आधीच जन्मलेली, काचेच्या उबदार पेट्यांत ठेवलेली ती एवढी एवढीशी बाळं. त्यांच्यासाठी ती वाघीण होती.

"नखं बघू," ती आयांना दाराशीच अडवायची. "कोपरापर्यंत धुतलेत? नाही ना? परत जा."

आया मनातल्या मनात चरफडायच्या आणि परत जायच्या.

अशा बाईला खोकला लागला. पण त्याला खोकला म्हणायला कुणी तयार नव्हतं. एसीची हवा बाधली, फिनेलचा वास घशात गेला, ऋतू बदललाय. कारणांना काय तोटा! बाळांना गारठा लागू नये म्हणून वॉर्डाच्या खिडक्या बारा महिने बंद असायच्या. स्टाफच्या चहाच्या खोलीची खिडकी तर मागच्या रंगकामात चौकटीलाच चिकटून बसली होती. त्या खोलीत भिंगरी आणि तिची ड्युटीतली मैत्रीण गुडघ्याला गुडघा लावून डबा खायच्या. भिंगरी खोकायची, मैत्रीण पर्समधून औषधाची बाटली काढायची आणि म्हणायची, "घे दोन झाकणं, मोकळं वाटेल." वजन उतरत होतं, त्याचं तर भिंगरीला कौतुकच होतं. "ना पळायला गेले ना उपाशी राहिले, आणि बघ, गणवेश कसा ढगळ झालाय!"

तिला माहीत नव्हतं असं कसं म्हणावं? छातीच्या विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या नर्सेसना सभागृहात बसवून क्षयाबद्दल सांगितलं होतं. दोन आठवड्यांवर खोकला राहिला की थुंकी तपासायची. पेशंटची तपासता तशी स्वतःचीही. "आपण पांढऱ्या कपड्यांत आहोत म्हणून जंतू आपल्याला सलाम ठोकून पुढे जात नाहीत," त्या म्हणाल्या, तेव्हा सगळे हसले होते. भिंगरीही हसली होती आणि मैत्रिणीच्या कानाला लागून म्हणाली होती, "हे छातीच्या वॉर्डवाल्यांसाठी गं. आपले पेशंट काल-परवा जन्मलेत. त्यांच्याकडून आपल्याला काय होणार?"

उलट बाजूने विचार करायचं तिच्या डोक्यातच आलं नाही.

शेवटी ती सापडली लिफ्टमध्ये. ड्युटीवर जाताना दोघी मैत्रिणी लिफ्टमध्ये शिरल्या, तर मागे कोपऱ्यात डॉक्टरीणबाई उभ्या. भिंगरीला ढास लागली. तिने कोपर तोंडाशी धरलं, पण ढास काही थांबेना. डोळ्यांत पाणी आलं.

"किती दिवस झाले?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हा होय? दोन-तीन दिवस. हवा बदललीय ना, मॅडम."

मैत्रिणीच्या तोंडून निसटलं, "दोन-तीन दिवस? अगं, टिल्लूच्या वाढदिवसाला केक कापताना तू बाहेर जाऊन खोकत होतीस."

"टिल्लूचा वाढदिवस कधी असतो?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

टिल्लू म्हणजे भिंगरीचा मुलगा, आणि त्याला चार पूर्ण होऊन दोन महिने उलटले होते. डॉक्टरीणबाईंनी हात पुढे करून आपल्या मजल्याचं बटण दाबलं.

"चला माझ्याबरोबर."

"मॅडम, माझी ड्युटी..."

"तिथेच तर आता जायचं नाहीये, सिस्टर."

दुसऱ्या दिवशी निकाल आला. फुप्फुसाचा क्षय. नेहमीच्या गोळ्यांनी बरा होणारा आहे, सहा महिने एकही डोस न चुकवता घ्यायच्या, सुरुवातीला मळमळेल, आम्ही सांगेपर्यंत घरातच वेगळ्या खोलीत राहायचं, खिडकी उघडी ठेवायची. डॉक्टरीणबाई सांगत होत्या आणि भिंगरी मान डोलवत होती. तिच्या डोळ्यांपुढून मात्र पेट्या सरकत होत्या. भिंतीकडची जुळी. जन्मल्यावर रडलाच नव्हता तो मुलगा. आणि मूठभर. मूठभर म्हणजे बेकरीवालीची मुलगी. आली तेव्हा खरोखरच मुठीत मावेल एवढी होती, म्हणून भिंगरीनेच तिला ते नाव ठेवलं होतं. वॉर्डात सगळ्यांत जास्त मुक्काम तिचा, आणि भिंगरीच्या छातीशीही सगळ्यांत जास्त वेळ तीच. नुकतीच कुठे घरी गेली होती.

"मॅडम, माझी बाळं."

"येतंय लक्षात. सगळ्यांना बोलवावं लागेल. तपासायचं, ज्याला लागेल त्याला औषध सुरू करायचं. मी आजच वर कळवते. तुम्ही घरी जा. आणि घरच्यांनाही उद्या तपासायला पाठवा."

घर म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मागची खोली भिंगरीला मिळाली. नवरा छापखान्यात मशीनवर होता, मुळातच कमी बोलणारा. त्याने खिडकीतलं जुनं सामान निमूटपणे हलवलं, दोन्ही झडपा उघडून खाली लाकडाच्या पाचरी ठोकल्या आणि म्हणाला, "आता वाऱ्याने पण बंद होणार नाही." बोलायचं होतं ते त्याने तेवढ्यात बोलून टाकलं.

सासूबाईंचं तसं नव्हतं. दाराबाहेरून त्यांचा आवाज आला, "शेजारी विचारतील. कावीळ म्हणून सांगू का?"

"आई, काविळीत कुणी मास्क लावून खोलीत बसतं का?"

"मग टायफॉइड सांगू."

"काहीही सांगा. पण टिल्लूला उद्या नक्की न्या."

नवरा, सासूबाई, टिल्लू, तिघांचे छातीचे फोटो स्वच्छ आले. पण टिल्लू लहान, म्हणून त्याला खबरदारीच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या घ्यायला तो घरभर पळायचा आणि नंतर रागाने आईच्या दारावर चेंडू मारत बसायचा. धप्प. धप्प. "आई, तू बाहेर ये, मग घेतो!" भिंगरी आतून दाराला टेकून उभी राहायची. चेंडूचा दणका तिला पाठीत जाणवायचा, आणि तेवढीच त्याची भेट.

तेही सोसलं असतं तिने. तिच्या जिवाची तगमग वेगळीच होती. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत तिच्या फेऱ्या चालत. गोळ्यांनी पोट ढवळायचं, अंगात त्राण नसायचं, तरी बसवायचं नाही. एकच विचार. फोन गेले का?

तिने वॉर्डाच्या प्रमुख, म्हणजे मोठ्या सिस्टरना, फोन केला.

"आमच्या सगळ्यांच्या तपासण्या चालू आहेत," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "तू विश्रांती घे."

"आयांना कळवलं?"

"ते वरच्या पातळीवर चाललंय."

दोन दिवसांनी परत फोन. "मीटिंग आहे त्याची." परत दोन दिवसांनी. "अगं, साहेब बाहेरगावी गेलेत." साहेब म्हणजे हॉस्पिटलचे प्रमुख. मोठ्या सिस्टर वाईट नव्हत्या. टिल्लूच्या बाळंतपणानंतर भिंगरी ड्युटीवर रडत यायची, तेव्हा तिच्या वाटच्या रात्रपाळ्या याच बाईने केल्या होत्या. म्हणूनच त्यांचा तो कोरडा, सांभाळून बोलणारा आवाज तिला सहन होईना.

"सिस्टर, खरं सांगा. काय चाललंय?"

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "साहेबांचं म्हणणं आहे की तू कायम मास्क लावायचीस. तू किती कडक आहेस हे अख्ख्या हॉस्पिटलला माहीत आहे. मग बाळांना धोका असून असून किती? उगाच सगळ्या आयांना घाबरवायचं, पेपरात नाव यायचं. डॉक्टरीणबाई भांडतायत, मास्क असला तरी बोलवायलाच हवं म्हणून. पण साहेब म्हणतात, थांबू आणि बघू. आणि तुझ्याही दृष्टीने..."

"माझ्या दृष्टीने काय?"

"तुझं नाव खराब होणार नाही, एवढंच."

फोन ठेवल्यावर भिंगरी पहिल्यांदा खाली बसली. मास्क! दाराशी तो असायचा तिच्या तोंडावर, नाकापर्यंत ओढलेला, आयांना दिसेल असा. आत गेल्यावर उबेने चष्म्यावर वाफ धरायची, ओठांवर घाम यायचा, जीव घुसमटायचा, आणि मास्क हनुवटीवर यायचा. मूठभरला नळीने दूध देताना ती तिच्याशी बोलायची. तोंड झाकून बोललं तर बाळाला कळत नाही असं तिचंच मत. "कोण गं माझं ते? कोण वाढतंय?" एवढ्या जवळून बोलायची की तिच्या श्वासाने बाळाची जावळं हलायची.

हे मैत्रिणीला माहीत होतं. बहुधा मोठ्या सिस्टरनाही. सांगणार मात्र कुणीच नव्हतं.

तिने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "मॅडम, मीटिंगमध्ये मला बोलायचंय."

"बोलाल? नीट विचार केलात?"

"विचार करायला नुसती खोलीच आहे माझ्याकडे. दुसरं काय करतेय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्या साहेबांच्या खोलीतून बोलत होत्या. फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, खुर्च्या सरकल्या, कुणीतरी घसा खाकरला. साहेबांनी गोड आवाजात तब्येतीची चौकशी केली. खिडकीची चौकट भिंगरीने घट्ट धरून ठेवली.

"साहेब, मी मास्क लावायचे. पण दाराशी. आत गेल्यावर तो हनुवटीवर असायचा. दूध पाजताना तर नसायचाच."

"सिस्टर," साहेबांचा गोडवा गेला होता, "हे तुमच्या नावावर कायमचं नोंदलं जाईल, कल्पना आहे ना? चौकशी लागेल."

"लागू दे. पण आधी बा..." तिला ढास लागली. ती बराच वेळ खोकली. त्या खोलीतल्या सगळ्यांना तो खोकला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावा लागला. "आधी बाळांना बोलवा, साहेब."

मग मोठ्या सिस्टरचा आवाज आला, जरा लांबून. "मीही पाहिलंय ते. मी बोलले नाही. उकाडाच तेवढा असतो आत, आम्ही सगळ्याच काढतो." त्यावर एकदम दोन-तीन जण बोलायला लागले आणि फोन बंद झाला.

भिंगरी मागे वळली. दार बोटभर उघडं होतं आणि फटीत सासूबाई मास्क लावून उभ्या होत्या. किती वेळच्या, कुणास ठाऊक. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. सासूबाईंनी दार हळूच लोटून घेतलं. थोड्या वेळाने जिन्यावर शेजारणीचा आवाज आला, "सून दिसत नाही हल्ली? टायफॉइड उतरला का?"

"टायफॉइड नाही, क्षय झालाय," सासूबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "औषध चालू आहे, बरी होतेय. तुमच्या यांचा खोकला किती दिवसांचा आहे हो?"

त्या संध्याकाळपासूनच हॉस्पिटलमधून आयांना फोन जायला लागले. नाव सांगायचं नाही असं ठरलं होतं. स्टाफपैकी एकीला क्षय निघाला आहे, बाळाला तपासायला आणा, एवढंच. आया येऊ लागल्या. कुणी रडत, कुणी भांडत. जुळी येऊन गेली, जन्मल्यावर न रडलेला मुलगा येऊन गेला. मैत्रीण प्रत्येक वेळी फोनवरून कळवायची आणि भिंगरी तेवढ्यापुरता श्वास सोडायची.

बेकरीवालीने नाव सांगायची वाट पाहिली नाही. तिने सरळ भिंगरीलाच फोन केला. मूठभर वॉर्डात असताना रोज सकाळी वजन कळवायला भिंगरीच तिला फोन करायची, तेव्हापासूनचा तो नंबर.

"तुम्हीच ना?"

"हो. मीच."

"वाटलंच मला. खोकायचात. मी विचारलं होतं, तर म्हणालात एसी लागतो." तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्याचीच भीती वाटत होती. "सिस्टर, तुम्ही मला दारातून परत पाठवायचात. हात धुवा, परत धुवा. भट्टीवर काम करणारी बाई मी. साबणाने हात फुटले माझे, रक्त यायचं, तरी धुवायची. म्हटलं, आपल्या लेकरासाठीच सांगतायत. आणि तुम्ही? आत शिरलात की मास्क हनुवटीवर!"

माफी मागावी तर तो शब्द भिंगरीच्या तोंडून निघेना. ती फक्त म्हणाली, "तिला आणा. उद्याच आणा. फोटो काढतील, औषध देतील..."

"तुमच्या त्या दारात मी परत पाऊल टाकणार नाही," बेकरीवाली म्हणाली आणि फोन ठेवला.

नंतर तिने फोन उचललाच नाही. भिंगरीचा नाही, हॉस्पिटलचाही नाही. एक आठवडा गेला. बाकी सगळी बाळं येऊन गेली, एक सोडून. भिंगरीच्या फेऱ्या आता खोलीत मावेनात. एवढ्याशा जिवाला क्षय झाला तर तो मेंदूत चढायला वेळ लावत नाही, हे तिला सभागृहातून आठवत होतं. नेमकं तेवढंच तिने लक्ष देऊन ऐकलं होतं. जेवणाचं ताट जसंच्या तसं परत जाऊ लागलं तेव्हा नवऱ्याने दारातून विचारलं, "कुठे आहे ती बेकरी?"

कामावरून सुटून तो तिकडे गेला. परत आल्यावर चपलाही न काढता दाराशी उभा राहिला. "बंद आहे. कुलूप आहे. शेजारचा म्हणाला, आठवडा झाला, बाळाला घेऊन गेली कुठेतरी."

"कुठेतरी म्हणजे कुठे? बाळ बरं होतं का?"

"त्याला नाही माहीत."

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते भिंगरीला विचारू नये. मूठभर तापाने फणफणलीय, मान टाकतेय, असलं काहीबाही तिच्या डोळ्यांपुढे येत राही. नवरा रोज वाट वाकडी करून बेकरीवरून यायचा आणि दारातून नुसती मान हलवायचा. डॉक्टरीणबाईंनी तिची थुंकी परत तपासली, फोटो पाहिला आणि एक दिवस म्हणाल्या, "आता बाहेर पडायला हरकत नाही. तुमच्यापासून कुणाला धोका नाही. ड्युटीचं मात्र चौकशीनंतर बघू."

टिल्लू तिच्या कमरेला असा चिकटला की सोडवता सोडवेना. तिने त्याला पोटभर जवळ घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याबरोबर ती बेकरीवर गेली. धोका नाही म्हणून सांगितलं होतं तरी मास्क लावून. नाकावर पट्टी दाबून, पक्का.

बेकरी उघडी होती! भिंगरी रस्त्यातच थबकली. आत पावांचे ट्रे रचलेले, आणि फळीमागे बेकरीवाली पिठाच्या हातांनी गिऱ्हाईकाला सुटे पैसे देत होती. तिने भिंगरीला पाहिलं, गिऱ्हाईकाला वाटेला लावलं आणि म्हणाली, "तिथेच थांबा. पायरी चढू नका."

"नाही चढत. मूठभर कुठे आहे?"

"आत झोपलीय."

भिंगरी पायरीकडे झेपावली. नवऱ्याने तिचा दंड धरला.

"तपासली का? कुठेही तपासा, आमच्याकडेच नको," ती भराभर बोलू लागली. "दुसरं हॉस्पिटल आहे, मी विचारून ठेवलंय, तिथले डॉक्टर..."

"मी काय तुमच्या येण्याची वाट बघत बसले होते?" बेकरीवालीने हात फडक्याला पुसले. "फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी बहिणीच्या गावी गेले. तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं. छातीच्या फोटोत डाग निघाला."

भिंगरीने मास्कची पट्टी नाकावर पुन्हा दाबली.

"लहान आहे, म्हणाले. लवकर आणली, म्हणाले. डोक्यापर्यंत गेलेलं नाही. दाखल करून औषध सुरू केलं, परवा सोडलं." बेकरीवालीचा आवाज इथे पहिल्यांदा कापला. "एवढीशी पोर. तिच्या वजनापेक्षा औषधाची पिशवी जड आहे."

भिंगरी रस्त्यात उभी राहून रडली. मास्क ओला झाला, तरी तिने तो काढला नाही. बेकरीवालीने तिला गप्प केलं नाही की आत बोलावलं नाही. एक गिऱ्हाईक आलं, पाव घेऊन गेलं. नवरा काही सुचेना म्हणून बिस्किटांची बरणी न्याहाळत उभा राहिला.

मग आतून बारीक रडण्याचा आवाज आला. बेकरीवाली आत गेली आणि बाळाला खांद्यावर घेऊन दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली. दूर, पण दिसेल अशी. मूठभरचे गाल जरा भरले होते. डोळे किलकिले करून ती उजेडाकडे बघत होती.

"औषध थुंकते," बेकरीवाली भिंगरीकडे न बघता म्हणाली. "अर्धं पोटात, अर्धं माझ्या अंगावर."

"चमच्याने देता?"

"मग कशाने देऊ?"

"सिरिंजने. सुई नसलेली, दुकानात मिळते. गोळी थोड्याशाच पाण्यात विरघळवा. डोकं जरा उंच धरा, गालाच्या आतल्या बाजूने थोडं थोडं सोडा. ती गिळेपर्यंत पुढचं सोडायचं नाही. दुधाच्या आधी द्या, भुकेली असताना घेईल. आणि उलटी झाली तर मनाने दुसरा डोस देऊ नका. आधी तिथल्या डॉक्टरांना विचारा."

बेकरीवाली ऐकत होती. मध्येच तिने विचारलं, "लंगोट केशरी होतोय. डॉक्टर म्हणाले काही नाही, पण माझा जीव उडतो दर वेळी."

"त्या गोळीचाच रंग आहे तो," भिंगरी म्हणाली. "माझंही तसंच होतंय."

बेकरीवालीने आता तिच्याकडे सरळ पाहिलं. "तुम्हालाही तीच गोळी?"

"तीच. माझी मोठी, तिची छोटी."

"रोज घेताय ना? की मास्कसारखी तीही दाराशीच?"

नवऱ्याने मान खाली घातली. भिंगरीने ते ऐकून घेतलं. "रोज घेते. सासूबाई समोर उभ्या राहतात."

"बरं करतात."

मूठभर कुरकुरायला लागली. तिची दुधाची वेळ झाली होती. बेकरीवाली वळली, आणि मग काहीतरी आठवल्यासारखी पुन्हा थांबली. "ते सिरिंजचं. किती मापाची आणायची?"

"औषधाचं दुकान कोपऱ्यावरच आहे ना? थांबा, मीच आणते," भिंगरी म्हणाली, आणि नवरा काही बोलायच्या आत निघालीसुद्धा.